निळ्या लुगड्याची ओवी

परवा हेब्बाळच्या आमच्या इमारतीच्या फाटकासमोर हातगाडीवर अवरेकाईचा ढीग दिसला. पिशवी नव्हती. मी सरळ पदर पुढे केला आणि दोन किलो शेंगा पदरात घेऊन लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमधल्या मुलीने कानातली गाण्याची गुंडी काढून विचारलं, "आंटी, हे काय आहे?" मी सांगितलं. तिने मान हलवली आणि गुंडी परत कानात घातली. या वयात पदरात शेंगा भरून लिफ्टने वर जाणारी बाई तिला कशी दिसली असेल, याचा विचार करत मी सातव्या मजल्यावर उतरले.

अवरेकाई म्हणजे पावट्याची शेंग. पुण्याकडचे लोक पावटाच म्हणतात, पण तो शब्द उच्चारला की मला काहीतरी दुसरीच भाजी डोळ्यांसमोर येते. आमची अवरेकाई बंगळूरच्या थंडीत, दव पिऊन भरते. शेंगेच्या अंगावर एक तेलकट ओल असते आणि तिचा वास बोटांना जो चिकटतो तो साबणाने जात नाही. कन्नडमध्ये या वासाला खास नाव आहे, सोगडू. मराठीत नाही. आम्हीही सोगडूच म्हणत आलो. आमचे पूर्वज कुण्या सरदाराच्या घोड्यांमागून इकडे आले त्याला तीन-साडेतीनशे वर्षं झाली. तेवढ्या काळात शेजाऱ्याकडून एक वासाचं नाव उसनं घेतलं तर काय बिघडलं? कन्नडने आम्हाला असे शेकडो शब्द दिले आणि बदल्यात आमचं काहीही नेलं नाही. ते ज्यांनी नेलं ते आमच्याच भाषेत बोलत आले.

पण आधी परातीचं सांगते.

आमचं घर यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत. वडिलांचं गोणपाटाचं दुकान होतं. डिसेंबर लागला की बाजारात पहाटे अवरेकाईच्या गाड्या लागायच्या आणि आमच्याकडे शनिवारी एक पोतं यायचं. शनिवारी शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर पाण्यात टाकायचे आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मागच्या अंगणात मोठी पितळी परात मांडून सगळ्या बायकांनी भोवती बसायचं. भिजलेला दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि आतला हिरवा दाणा टुपकन उडून परातीत पडतो. याला कन्नडमध्ये हितकणं म्हणतात. आम्ही त्या क्रियापदाला मराठी शेपूट लावून घेतलं होतं: दाणे हितकले, हितकायला बस, हितकून झाले का. सोललेल्या डाळीला हितकबेळे म्हणायचं आणि त्याचं सार रविवारी संध्याकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर खायचं. चार माणसांचं सार करायला हजारभर दाणे हितकावे लागत असतील. मोजले कुणी नाहीत. गाणं असल्यावर कोण मोजतं.

गाणं म्हणजे ओव्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, तुळजक्का, त्या गायची. देवी तुळजापूरची आणि अक्का इकडची, अशी तिच्या नावातच आमची सगळी कुळकथा आली. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. आमच्या घरात एक रीत होती. ती दुसऱ्या कुठल्या घरात मी ऐकली नाही. घरात नवी सून आली की तिच्या पहिल्या अवरेकाईच्या हंगामात तिच्यासाठी दोन ओळींची ओवी रचायची. त्यात तिचं नाव, तिचं माहेर आणि तिचं एखादं खोडसाळ लक्षण गुंफायचं. ती ओवी मग आधीच्या सुनांच्या ओव्यांच्या शेवटी जोडली जायची. दर रविवारी पहिल्या सुनेपासून सुरुवात. जिची ओवी चालू असेल तिने त्या वेळी एक मूठ दाणे हितकायचे. बाई मेली तरी ओवी काढायची नाही. तिची मूठ दुसरीने हितकायची. त्यामुळे परातीभोवती आम्ही सात-आठ जणी दिसत असलो तरी बसलेल्या वीस-बावीस असत.

पहिली ओवी अजून मला येते:

थोरली गं गोदूबाई, होसकोट्याची लेक
दोन मापं सोली दाणे, खाई त्यातलं एक

ही गोदूबाई कोण, कधीची, कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्या वहीत, कुठल्या सरकारी कागदात ती नसणार. पण ती होसकोट्याची होती आणि कच्चे दाणे तोंडात टाकायची, एवढं आम्हाला पक्कं माहीत होतं. आमच्या घराण्यातल्या पुरुषांची नावं वडिलांना तीन पिढ्यांपलीकडे सांगता येत नसत. बायका मात्र परातीत शाबूत होत्या. मुलींना ओवी नव्हती, कारण मुली जाणार. तुळजक्का परत आली तरी मुलगीच, म्हणून बावीस जणींना तोंडात ठेवणाऱ्या तिला स्वतःची ओवी नव्हती. मी लग्नच केलं नाही, तेव्हा मला तर कुठल्याच परातीत जागा नाही.

माझ्या आईची ओवी शेवटून तिसरी होती. आई मी आठ वर्षांची असताना गेली. तिचा एक फोटो आहे, काळापांढरा, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात तिचा अर्धा चेहरा एका फेट्यामागे गेलाय. लुगडी वाटून टाकली. आवाज आठवत नाही. पण दर हंगामात सात-आठ रविवार ती यायची. तुळजक्का गळा थोडा वर नेऊन म्हणायची, "निळ्या गं लुगड्याची, जानकी कोलाराची," आणि दुसरी ओळ सुरू होते न होते तोच साऱ्या बायका हसायला लागायच्या. दुसऱ्या ओळीत काहीतरी चावट होतं, काहीतरी आईने केलेला उपद्व्याप होता. हसण्यात ती ओळ नेहमी बुडून जायची. त्या हसण्यासाठी मी वाट बघत असे. इतक्या वर्षांपूर्वी मेलेली बाई सगळ्यांना एकदम हसवते, ती माझी आई आहे, एवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा. तिची मूठ मी हितकायची. ती ओळ पाठ करावी असं कधी मनात आलं नाही. दर रविवारी येणारी गोष्ट कोण पाठ करतं?

मग मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

तेव्हा मी तेहतीस-चौतीस वर्षांची असेन, विम्याच्या कचेरीत कारकून होते, पगार हातात होता आणि अंगात भाषाभिमान संचारला होता. गल्लीत केबल आली होती. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी असं सगळं दिसे, मराठी नाही. मी केबलवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "मॅडम, मराठी यारु नोडतारे?" म्हणजे मराठी बघणार कोण. मला ते लागलं. मी गल्लीतल्या चौदा मराठी घरांतून सह्या गोळा केल्या. दारोदार जाऊन सांगितलं की आपली मुलं शाळेत कन्नड-इंग्रजी बोलतात, दुकानात हिंदी बोलतात, मराठी घरात आली नाही तर पुढच्या पिढीत उरणार नाही. लोकांना पटलं. म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी असा वाजतगाजत घातला. महिन्याभरात चॅनल लागलं. त्या दिवशी वडिलांनी म्हैसूरपाक आणला होता.

त्या चॅनलचा मालक सातासमुद्रापलीकडे कुठे राहत होता म्हणे. तिथून तो एकच शाम्पू आणि एकच सासू चौदा भाषांत पाठवी. आम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि असतं तरी काही फरक पडला नसता. पडद्यावर बाई मराठी बोलते आहे, एवढ्यानेच आमचे डोळे भरून आले होते. परकं कुणी आलं असतं तर आम्ही दार लावलं असतं. तीनशे वर्षं आम्ही नेमकं तेच करत आलो होतो, त्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. पण ही तर मावशी घरी आल्यासारखी आली. तिच्यासाठी आम्ही पाट मांडला आणि परातसुद्धा उचलून आत नेली.

हो, परात आत नेली. एका मालिकेचे आठवड्याचे सगळे भाग रविवारी दुपारी एकदम दाखवत. हितकायची वेळ तीच. मग अंगणात कशाला बसायचं, हात इकडे चालू द्या नि डोळे तिकडे, असं ठरलं. ठरवलं मीच असेन. पहिले दोन-तीन रविवार ओव्याही झाल्या. जाहिराती लागल्या की तुळजक्का गाई, मालिका सुरू झाली की थांबे. एकदा ती थांबली नाही.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. संक्रांतीच्या आधीचा होता. मालिकेतही संक्रांतच होती. पिवळी साडी नेसलेली सून अंगणात उभी होती आणि सासू तिला घराबाहेर काढत होती. इकडे अक्का तिच्या नादात गोदूबाईपासून निघून खाली खाली येत होती. "निळ्या गं लुगड्याची, जानकी कोलाराची," तिने गळा वर नेला आणि मी मागे न बघता म्हणाले, "अक्का, स्वल्प थांब. ती काय म्हणते ते ऐकू दे."

"सरी," अक्का म्हणाली.

म्हणजे बरं, ठीक. रागाने नाही. तिलाही ऐकायचंच होतं. ती पिवळी साडीवाली देवाला हात जोडून, कुणाला एक शब्द न बोलता दाराबाहेर गेली तेव्हा आम्ही सगळ्या रडत होतो आणि सर्वांत जास्त अक्का रडत होती. दाणे परातीत पडत राहिले. माझी मूठ मी आपोआप हितकली असणार. उरलेल्या ओव्या त्या दिवशी झाल्या नाहीत. पुढच्या रविवारी कुणी सुरुवातच केली नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. एखादी रीत मोडायची तर मोठं भांडण व्हावं लागतं, कुणीतरी घर सोडून जावं लागतं, असं मला वाटे. तसं काही लागत नाही. सरी म्हटलं की झालं.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत आम्ही मराठी व्हायला शिकलो. हे मी थट्टेने म्हणत नाही. अक्का आधी म्हणायची, "आणीक दोन घे की, कशास लाजतेस." आता ती "अगंबाई" म्हणू लागली. स्वतःच्या जुन्या बोलण्याला "आपलं ते अडाणी होतं गं, दुकानातलं," असं म्हणू लागली. आमच्या घरात संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाणे एकत्र करून वाटायचे, शेजारच्या कन्नड घरांसारखेच. चॅनलवरच्या बायका काळ्या साड्या नेसून हळदीकुंकू करताना दिसल्या, तशी अक्काने माझ्या पगारातून काळी साडी घ्यायला लावली आणि ती नेसून तिळगूळ द्यायला गल्लीत निघाली. आमच्याकडे सणाला काळं म्हणजे अभद्र. समोरच्या कन्नड बाईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी कुणाचं काही झालं का?" आम्ही त्या बाईला खूप हसलो. तिचा प्रश्न बरोबर होता असं आता वाटतं.

आता मी ज्या इमारतीत राहते तिथे मराठी मंडळ आहे. आसपासच्या आयटी पार्कातली पुण्यामुंबईची मुलंमुली त्यात आहेत. गणपतीला सगळ्या बायका शिवलेली नऊवारी घालतात, एकाच नमुन्याची नथ लावतात आणि ढोलाचा आवाज फोनवरून मोठ्या स्पीकरवर सोडतात. मला ती मुलं आवडतात. एकीने मला विचारलं, "काकू, तुमचं मराठी इतकं छान कसं? बँगलोरच्या वाटतच नाही तुम्ही." मी थँक्यू म्हणाले.

माझी भाची मेघना, म्हणजे माझा थोरला भाऊ व्यंकण्णा याची मुलगी, चोवीस वर्षांची आहे. कचेरीत ती अमेरिकन इंग्रजी बोलते, मैत्रिणींशी हिंदी, ऑटोवाल्याशी कन्नड आणि घरी मालिकेतलं मराठी. कोरियन मालिका बघून ती उपमासुद्धा दोन काड्यांनी खायचा प्रयत्न करते. तिला काही म्हणायचा मला अधिकार नाही. चौदा सह्या तिने गोळा केल्या नव्हत्या. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे. लग्नाची सजावट आणि कार्यक्रम बघणाऱ्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, तुमच्या घरातलं असं काही खास गाणं आहे का, अगदी ऑथेंटिक? हळदीला लावू. मेघनाने मला फोन केला.

"अत्ते, तू मागे म्हणाली होतीस ना, अक्काआजी काहीतरी गायच्या म्हणून? रेकॉर्ड करू या का?"

खोटं कशाला बोलू, मला तिच्या हळदीचं काही पडलं नव्हतं. मला ती दुसरी ओळ हवी होती. वीस-पंचवीस वर्षांत ती मागायचं धाडस मला झालं नव्हतं. ज्या तोंडाने थांब म्हटलं त्याच तोंडाने पुन्हा गा कसं म्हणणार? आता अक्का अठ्ठ्याऐंशीची आहे. व्यंकण्णाकडे के. आर. पुरमला असते. तिला ऐकू येतं, दिसतं, चालते भिंत धरून. यंदा नाही तर पुढच्या हंगामाचा भरवसा कुणी द्यावा?

म्हणून पदरातून आणलेल्या त्या शेंगा मी सोलल्या, दाणे रात्रभर भिजवले आणि रविवारी डब्यात घालून के. आर. पुरमला गेले. वाटेतल्या सुपरमार्केटात सोललेली हितकबेळे पाकिटात मिळतात, धुतलेली, वास नसलेली. ती घेतली असती तर हात मोकळे राहिले असते आणि गाणं सुचायचं काही कारणच उरलं नसतं.

अक्काच्या खोलीत पलंगासमोर भिंतीवर टीव्ही आहे. व्यंकण्णाने प्रेमाने लावून दिलाय, दिवसभर चालू असतो. मी तो बंद केला. मोठी परात कधीच मोडीत गेली. स्टीलचं ताट अक्काच्या मांडीवर ठेवलं.

"अक्का, हितकायला आणलेत."

"अगंबाई, किती छान," अक्का म्हणाली. जुनी अक्का म्हणाली असती, "एवढेच? सात माणसांस कसे पुरायचे?"

पण बोटं जुनीच होती. अंगठा आणि तर्जनी जुळली, साल बोटांत राहिली, दाणा टुपकन ताटात पडला. दुसरा, तिसरा. माझ्यापेक्षा तिचा वेग जास्त होता. खोलीत सोगडूचा वास पसरला तशी तिची मान किंचित हलायला लागली. मेघना पलंगाच्या पायथ्याशी फोन धरून बसली होती. मी गोदूबाईची ओवी म्हणायला सुरुवात केली. "दोन मापं सोली दाणे," म्हणून मी थांबले, तर अक्का स्वतःहून म्हणाली, "खाई त्यातलं एक." आणि हसली. दात नसलेलं, खरं हसू. मेघनाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मधल्या ओव्या मला येत नव्हत्या, तिलाही सुचल्या नाहीत. मला धीर नव्हता. मी सरळ म्हटलं, "निळ्या गं लुगड्याची, जानकी कोलाराची," आणि थांबले.

अक्काची बोटं थांबली.

बाहेर हॉलमध्ये व्यंकण्णा दुसरा टीव्ही बघत होता, त्याचा आवाज येत होता. अक्का बंद केलेल्या टीव्हीच्या पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिनेच विचारलं, "पुढे काय होतं?"

"तू सांग, अक्का. तूच रचलीस ती. सगळ्या हसायच्या बघ."

"हसायच्या?" तिने विचार केला. मग तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "जानकी फार सोशिक गं. कधी शब्दाला शब्द दिला नाही. सासूनं भर संक्रांतीत घराबाहेर काढलं, तरी देवाला हात जोडून उभी राहिली. कुणाला काही बोलली नाही. अशी सून मिळायला भाग्य लागतं."

माझ्या आईला सासू नव्हती. आई लग्न होऊन यायच्या आधीच माझी आजी वारली होती. घरात येताना माप ठेवायला तुळजक्काच उंबऱ्यात उभी होती, हे तिनेच आम्हाला कितीदा सांगितलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "ती मालिकेतली. ती आपली जानकी नाही."

"कुठली मालिका?" अक्का जरा दुखावून म्हणाली. "आपली जानकी मला ठाऊक नाही का? या हातांनी तिला घरात घेतली."

आणि ती पुन्हा दाणे हितकू लागली. तिला कसली खंत नव्हती. तिने काही हरवलंच नव्हतं. तिची जानकी तिच्याजवळ होती, पूर्ण, नीट प्रकाश पडलेली, हात जोडलेली. मी तिला त्या दिवशी थांब म्हटलं होतं, ते आठवतं का, असं विचारावं हे एकदा माझ्या मनात आलं. पण तिने मला माफ करावं यासाठी तिला आधी ते आठवायला हवं होतं.

मेघना माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "अत्ते, काय बोलल्या त्या! मी हेच घेते. मागे थोडं बासरीचं म्युझिक टाकते."

मी नको म्हणाले नाही. काय सांगून नको म्हणणार होते? तिच्या हळदीत आता माझी आई सोशिक म्हणून वाजेल, दीडशे माणसं डोळे पुसतील आणि ते सगळं अगदी ऑथेंटिक असेल.

संध्याकाळी हेब्बाळला परत आले. ठरवलं, आपणच रचू दुसरी ओळ. एवढी मराठी तर येते. कागदावर पहिली ओळ लिहिली आणि खाली काय लिहावं म्हणून बसले. मायाळू सुचलं. घरंदाज सुचलं. झिजली सुचलं. एकेक शब्द लिहून खोडला. त्या ओळीवर बायका हसत होत्या, एवढा एकच पुरावा माझ्याजवळ आहे, आणि माझ्या पेनातून येणारा एकही शब्द हसवणारा नव्हता. सगळे रडवणारे होते. मला दुसरे येतच नाहीत असं कळलं.

मग पेन ठेवून डोळे मिटले. म्हटलं, ओळ जाऊ दे, आईच दिसते का बघू. अंगण दिसलं, परात दिसली. परातीशी पाठमोरी बसलेली बाई दिसली. ओवी म्हणते निळं लुगडं. साडेतीनशे वर्षांत ओवी कधी खोटं बोलली नव्हती. मी पुन्हा पुन्हा बघितलं. लुगडं निळं होईना.

व्यंकण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा तेरा वर्षांचा होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवणार. त्याने ओव्या कधी ऐकल्या नाहीत, पुरुष परातीशी बसत नसत. मी त्याला फोन लावला. मागे टीव्ही चालूच होता.

"अण्णा, एक विचारते. आई म्हटलं की तुला ती कुठल्या रंगाच्या लुगड्यात दिसते?"

"पिवळ्या," तो लगेच म्हणाला. "पिवळी साडी. संक्रांतीची. अंगणात उभी होती बघ. का गं?"

माझ्या बोटांना सकाळचा सोगडू अजून येत होता.

"सरी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.